दंड पाचशेचा, फटका तीन महिन्यांचा: धंद्याच्या गाडीवरचं लायसन्स कसं जातं आणि कसं सांभाळायचं



धंदा सुरू करताना आपण बरीच कागदपत्रं गोळा करतो. उद्यम नोंदणी, जीएसटी, फूड लायसन्स, दुकानाचा परवाना, सगळं एका फाईलमध्ये नीट लावून ठेवतो. पण ज्या एका कार्डावर रोजचा माल घरापासून गिऱ्हाईकापर्यंत पोहोचतो, ते ड्रायव्हिंग लायसन्स मात्र खिशातल्या पाकिटात दुमडलेलं असतं. त्याच्याकडे धंद्याची मालमत्ता म्हणून कुणी बघतच नाही.

आजचा धडा त्यावरच आहे. वाहतुकीचा नियम मोडला की दंड होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काही चुकांना दंड भरून सुटका नसते, तिथे लायसन्सच जातं, हे बऱ्याच जणांना लायसन्स हातातून गेल्यावर कळतं. आपण आधी हिशोब बघू, मग कायदा, मग मालकाची जबाबदारी आणि शेवटी आपल्या धंद्यात बसवायची पद्धत. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला एक रजिस्टर आखायचं आहे.

आधी हिशोब मांडू

समजा, तुम्ही स्वतःच छोटा हत्ती चालवून किराणा दुकानांना माल पोहोचवता. डिझेल जाऊन दिवसाला दीड हजार रुपये हातात राहतात. महिन्याला २६ दिवस गाडी चालते. गाडीचा हप्ता आहे १२ हजार.

आता समजा, तुमचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. तीन महिन्यांचे कामाचे दिवस झाले ७८. गाडी उभी ठेवली तर बुडालेली कमाई १ लाख १७ हजार. हप्ते चालूच, म्हणजे ३६ हजार रुपये खिशातून भरायचे. बरं, गाडी उभी ठेवायची नाही म्हणून बदली ड्रायव्हर ठेवला, त्याला रोजचे ८०० दिले, तरी ६२ हजार ४०० रुपये जास्तीचे गेले. आणि तीन महिने माल वेळेवर न मिळाल्याने जी दुकानं दुसऱ्या पुरवठादाराकडे गेली, त्यांचा हिशोब यात धरलेलाच नाही.

हे सगळं कशामुळे? कदाचित सिग्नलवर वाचवलेल्या दोन मिनिटांमुळे. चलानावरचा आकडा बघून आपण म्हणतो, "जाऊ दे, भरू." पण धंदेवाल्या माणसाने चलानाबरोबर हा दुसरा आकडाही बघायला हवा. तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून आजच हे गणित तुमच्या गाडीसाठी मांडा. पुढचं सगळं वाचताना तो आकडा डोळ्यांसमोर राहू द्या.

चार शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे "लायसन्स गेलं" हा एकच शब्दप्रयोग चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिला शब्द जप्ती. वाहतूक पोलीस तुमचं लायसन्स ताब्यात घेतात, पावती देतात आणि पुढच्या कारवाईसाठी ते आरटीओकडे पाठवतात.

दुसरा निलंबन. कायद्याच्या भाषेत, ठरावीक मुदतीसाठी तुम्ही लायसन्स बाळगायला अपात्र ठरता. मुदत संपेपर्यंत गाडी चालवायची नाही.

तिसरा रद्द होणं. लायसन्सच संपलं.

चौथा मुदत संपणं. यात गुन्ह्याचा संबंध नाही, फक्त नूतनीकरण राहून गेलेलं असतं. पण मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची जी सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता मुदत संपलेल्या लायसन्सवर दुसऱ्या दिवशीही गाडी चालवता येत नाही, आणि एक वर्षाहून जास्त उशीर केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वाहतुकीच्या वाहनाचं, म्हणजे ट्रान्सपोर्टचं, लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

लायसन्स कोण काढून घेऊ शकतं?

आपला मूळ कायदा आहे मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातल्या बऱ्याच तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून झाली. या कायद्यात लायसन्स जाण्याचे मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता पोलिसांकडून आरटीओकडे जातो. कलम २०६ प्रमाणे काही ठरावीक गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पोलीस लायसन्स ताब्यात घेतात, पण निलंबनाचा आदेश काढण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याचा, म्हणजे आरटीओचा आहे. कलम १९ प्रमाणे आरटीओने तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि कारणं लेखी नोंदवावी लागतात. मग ते तुम्हाला मोकळं सोडू शकतात, किंवा पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतात. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर तसाच प्रकार झाला तर लायसन्स रद्द होऊ शकतं.

दुसरा रस्ता थेट आरटीओचा. एखाद्याच्या आजवरच्या वागण्यावरून तो लोकांना धोकादायक आहे असं दिसलं, तो सराईत दारुडा असला, खोटी माहिती देऊन लायसन्स काढलं असलं, किंवा त्याने केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ च्या यादीतलं एखादं कृत्य केलं, तर आरटीओ कारवाई करू शकतं. ही नियम २१ ची यादी माल वाहणाऱ्यांनी पाठच करावी अशी आहे. ती पुढे बघू.

तिसरा रस्ता कोर्टाचा. खटला चालून शिक्षा झाली, तर शिक्षेसोबत ठरावीक काळ लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार कोर्टाला कलम २० ने दिला आहे.

कोणत्या चुकांवर लायसन्स जाऊ शकतं?

नुसती कलमं वाचून डोकं जड होतं. म्हणून आपण धंद्याच्या प्रकाराप्रमाणे बघू. तुमचा धंदा कोणता ते शोधा, पण बाकीचेही वाचा.

१. दुचाकीवरून डबे, पार्सल, केक, औषधं पोहोचवणारे

हेल्मेट नसेल तर कलम १९४ ड प्रमाणे दंड आणि सोबत तीन महिने अपात्रता, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. दुचाकीवर तिघं बसले तरी तसंच. मुंबई वाहतूक पोलिसांनी मे २०२२ मध्ये मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ५०० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशीच कारवाई सांगितली होती. म्हणजे डबे धरायला मागे बसवलेल्या पोरालाही हेल्मेट हवं.

दुसरी सवय मोबाईलची. ऑर्डर कुठे द्यायची ते एका हाताने बघत दुसऱ्या हाताने गाडी चालवणं, हे कलम १८४ प्रमाणे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येऊ शकतं. सिग्नल तोडणं, स्टॉपची खूण न पाळणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं आणि उलट्या दिशेने गाडी घालणं, हे सगळं २०१९ पासून त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. "यू-टर्न लांब आहे, दोनच मिनिटं राँग साईडने जातो," हे वाक्य तुमच्याकडे कुणी म्हणत असेल, तर ते वाक्य थेट लायसन्सवर येऊ शकतं.

२. टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती चालवणारे

इथे सगळ्यात मोठा विषय जादा मालाचा. मालवाहू गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरणं नियम २१ च्या यादीत आहे, म्हणजे त्यावरून लायसन्सवर कारवाई होऊ शकते. शिवाय कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड आहे. जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

वजन मोजताना लोक नेमके कुठे चुकतात ते बघा. समजा, आरसीवर गाडीचं एकूण वजन १,६०० किलो आणि रिकाम्या गाडीचं ९०० किलो लिहिलं आहे. फरक ७०० किलोचा. तुम्ही १५ किलोचे तेलाचे ४० डबे भरले, झाले ६०० किलो. वाटतं, अजून १०० किलोची जागा आहे. पण रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. दोघांचे मिळून १४० किलो धरले की ७४० झाले. म्हणजे बघता बघता गाडी जादा भारात गेली.

दुसरा विषय वेगाचा. वेगमर्यादा पहिल्यांदा मोडली तर कलम १८३ चा दंड आहे. दुसऱ्यांदा मोडली तर लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं, असं त्याच कलमात म्हटलं आहे.

३. केटरिंग, मंडप, साउंड, डेकोरेशनवाले

तुमच्याकडे दोन गोष्टी फार होतात. एक म्हणजे सामानासोबत माणसंही टेम्पोच्या मागे बसतात. वाढपी, मंडपवाले, हमाल भांड्यांच्या ढिगावर बसून जातात. मालवाहू गाडीत अशी माणसं नेणं नियम २१ च्या यादीत आहे. केबिनमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबली तरी तेच.

दुसरी गोष्ट रात्रीची. कार्यक्रम संपतो बाराला, सामान आवरायला दोन वाजतात आणि कुणीतरी "थोडीशी" घेतलेली असते. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. आणि लायसन्सवर कारवाई वेगळीच.

४. जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणारे

कमी भांडवलात जुनी गाडी घेणं चांगलं. पण गुळगुळीत टायर, न लागणारे ब्रेक किंवा भकाभका धूर सोडणारी गाडी रस्त्यावर काढली तर कलम १९० आहे. प्रदूषण, आवाज आणि रस्ता सुरक्षेची मानकं मोडणाऱ्या गाडीबद्दल त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, आणि चालवणाऱ्याला तीन महिने अपात्रता लिहिली आहे. इथली गंमत बघा, गॅरेजचा खर्च वाचवला मालकाने आणि लायसन्स गेलं ड्रायव्हरचं.

५. सगळ्यांसाठी

ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणं हा कलम १९४ ई चा गुन्हा आहे, आणि तोही लायसन्स जप्त होऊ शकणाऱ्या यादीत आहे. गर्दीत हॉर्न ऐकू आला की आधी बाजूला व्हा, बाकी सगळं नंतर.

एक पार्श्वभूमीही सांगून ठेवतो. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की वेगमर्यादा मोडणं, सिग्नल तोडणं, जादा माल, मालगाडीत माणसं, दारू पिऊन चालवणं आणि गाडी चालवताना मोबाईल, या सहा बाबतींत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. या सहाही गोष्टी धंद्याच्या घाईत रोज घडू शकणाऱ्या आहेत. भिंतीवर लिहायची असेल तर हीच यादी लिहा.

"गाडी ड्रायव्हर चालवतो, माझा काय संबंध?"

हा प्रश्न मला प्रशिक्षणात नेहमी विचारला जातो. उत्तर असं की कायदा मालकापर्यंत येतो, आणि एकापेक्षा जास्त दारांनी येतो.

लायसन्स नसलेल्या किंवा अपात्र ठरलेल्या माणसाच्या हातात गाडी देणं मालकासाठी गुन्हा आहे. कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही. म्हणजे ड्रायव्हरचं लायसन्स निलंबित आहे हे माहीत असूनही "जा रे, जवळच तर आहे" म्हणून चावी दिलीत, तर तो कलम १८२ मध्ये अडकतो आणि तुम्ही कलम १८० मध्ये. कलम १८२ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही आहे.

जादा मालाबाबत तर कलम ११३ स्पष्टच आहे. गाडी चालवणारा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकमाने झाला असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तुम्हाला माहीत नव्हतं, हे तुम्ही दाखवायचं.

आपल्या कामावरच्या माणसाला वेगमर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाऱ्यालाही कलम १८३ मध्ये दंड आहे. धोकादायक ड्रायव्हिंगला किंवा दारू पिऊन चालवण्याला चिथावणी देणाऱ्याला कलम १८८ प्रमाणे मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे.

घरच्या धंद्यात आणखी एक धोका असतो. दहावी-अकरावीतलं पोरगं संध्याकाळी स्कूटरवरून डबे टाकून येतं, आणि आपण कौतुकाने सांगतो की मदत करतो म्हणून. अठरा वर्षांखालच्या मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या मुलाने पुढे धंदा सांभाळावा असं तुम्हाला वाटतं, त्याचे पाय आपणच बांधतो.

विम्याची बाजू

लायसन्स नसलेल्या किंवा अपात्र ठरलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारायचा मुद्दा मिळतो. सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सांगितलं की अटीचा भंग झाला, आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, हे विमा कंपनीने सिद्ध करायचं. पण अशा प्रकरणांत कोर्ट कंपनीला आधी जखमी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायला लावून ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. अपघाताची भरपाई काही लाखांत जाते. ती वसुली एका छोट्या धंद्यावर आली तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणून ड्रायव्हरचं लायसन्स तुम्ही तपासलं होतं याचा पुरावा तुमच्या फाईलमध्ये असायला हवा. तीच तुमची ढाल.

लायसन्स घेतलं गेलं, आता काय करायचं?

पहिलं, घाबरायचं नाही आणि हुज्जत घालायची नाही. पावती मागून घ्या. कोणत्या कलमाखाली लायसन्स घेतलं आणि कोणत्या आरटीओकडे जाणार ते तिच्यावर बघा.

दुसरं, पावती म्हणजे गाडी चालवायची परवानगी असं समजू नका. निलंबनाच्या कारवाईसाठी कलम २०६ च्या पोटकलम ४ खाली लायसन्स घेतलं असेल, तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. गाडी दुसऱ्या लायसन्सधारकाने घरी न्यायची.

तिसरं, आरटीओची नोटीस आली की ठरल्या तारखेला जा. बाजू मांडायची संधी हा तुमचा हक्क आहे. गाडी तुमची नव्हती, चालवणारे तुम्ही नव्हता, ॲम्ब्युलन्सला वाट देताना सिग्नल ओलांडला, असं काही असेल तर लेखी द्या, पुरावा जोडा. बरेच जण जातच नाहीत आणि आदेश एकतर्फी निघतो.

चौथं, आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. पण नुसतं अपील केलं म्हणून निलंबन थांबत नाही. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने तसा आदेश दिला तरच थांबतं.

पाचवं, निलंबनाची मुदत संपली की लायसन्स आपोआप परत मिळेल असं धरून बसू नका. २०१९ च्या दुरुस्तीने उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट घातली आहे. त्यासाठी कुठे जायचं ते मुदत संपण्याआधीच आरटीओत विचारून घ्या, म्हणजे वरचे दिवस वाया जात नाहीत.

तीन गैरसमज

"लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहे, कार्ड घरी आहे, जप्त काय करणार?" कारवाईची नोंद सरकारी पोर्टलवर होते. कार्ड कपाटात असलं तरी पोर्टलवर निलंबन दिसतंच.

"दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन काढू." निलंबन चालू असताना नवं लायसन्स मिळवणं हाच गुन्हा आहे आणि तसं मिळवलेलं लायसन्स कायद्याने निरुपयोगी ठरतं. एजंटाने काहीही सांगितलं तरी पैसे देऊ नका.

"चलान गाडीच्या नावावर येतं, लायसन्सचा प्रश्न येत नाही." कॅमेऱ्याचं ई-चलान गाडीमालकाच्या मोबाईलवर येतं, हे खरं. पण त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं, तर कलम १३३ प्रमाणे मालकाने ड्रायव्हरचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यावी लागते. "आठवत नाही" हे उत्तर धंदेवाल्याला शोभतही नाही आणि परवडतही नाही.

आता पद्धत बसवू

इथून पुढचं काम तुमचं. यातल्या पाच गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही, शिस्त लागते.

ड्रायव्हर ठेवताना लायसन्सची फक्त झेरॉक्स घेऊ नका. परिवहन सेवा पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून त्याची स्थिती बघा. मुदत, वाहनाचा वर्ग आणि चालू आहे की नाही, या तीन गोष्टी तपासा. वर्गाबाबत एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या, लायसन्सवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. त्यामुळे छोट्या टेम्पोसाठी मिळणारे ड्रायव्हर वाढले. ही तपासणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि तारीख टाकून छापील प्रत फाईलला लावा.

गाडीचं रजिस्टर ठेवा. दोनशे पानी वही पुरते. रकाने सहा: तारीख, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि सही, निघायची वेळ, परत यायची वेळ, भरलेल्या मालाचं अंदाजे वजन. चलान आलं की वही उघडायची, माणूस सापडतो. अपघातात आणि विम्यातही हीच वही कामाला येते.

वजनाचा तक्ता गाडीत लावा. आरसीवरचे दोन आकडे, त्यातून दोन माणसांचं वजन वजा आणि उरलेला आकडा ठळक अक्षरात केबिनमध्ये. खाली लिहा: तेलाचे इतके डबे, पिठाची इतकी पोती. हमालालाही कळलं पाहिजे.

वेळेचं वचन विचार करून द्या. "अर्ध्या तासात पाठवतो" असं गिऱ्हाईकाला आपण दुकानात बसून सांगतो आणि ते वचन रस्त्यावर दुसराच माणूस पाळतो. पाऊण तास लागत असेल तर तासाभराची वेळ द्या. ड्रायव्हर रस्त्यात असताना त्याला फोन करू नका. निरोप मेसेजने टाका, गाडी थांबली की तो बघेल. मोबाईल अडकवायला स्टँड बसवा आणि पत्ता निघण्याआधीच लावून द्या.

दर सोमवारी चलान तपासा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडी नंबर टाकून बघता येतं. एकाच ड्रायव्हरच्या नावावर वेगाचं दुसरं चलान दिसलं की पुढची पायरी लायसन्सची आहे. पगारातून पैसे कापून विषय मिटवू नका. त्याला बसवून विचारा की घाई कशामुळे झाली. बऱ्याचदा कारण आपल्याच फेऱ्यांच्या वेळापत्रकात सापडतं.

आणि एक सहावी गोष्ट, जिला थोडा खर्च आहे: दोन लायसन्सधारक तयार ठेवा. एकाच माणसावर गाडी चालत असेल, तर तो आजारी पडला तरी धंदा थांबतो. दुकानातल्या एखाद्या विश्वासू, अठरा वर्षांवरच्या माणसाला ड्रायव्हिंग स्कूलला घाला. तो खर्च मघाच्या ६२ हजारांपुढे काहीच नाही.

शेवटी ड्रायव्हरबद्दल बोलतो. तुमचा टेम्पो तीन महिने उभा राहिला तर तुम्ही दुसरा माणूस बघाल. त्याच्याकडे मात्र ते एकच कार्ड आहे. त्यावर त्याचं घर चालतं, मुलांच्या फिया भरल्या जातात. आपण सांगितलेल्या घाईपायी ते गेलं, तर कायद्याच्या कागदावर नाव त्याचं असतं. म्हणून हेल्मेट आपण आणून द्यायचं, टायर आपण बदलायचे आणि "उशीर झाला तरी चालेल, नीट ये" हे वाक्यही आपणच म्हणायचं.

या आठवड्याचं काम

१. वरचं तीन महिन्यांचं गणित तुमच्या आकड्यांनी मांडा.
२. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं, स्वतःचंही, लायसन्स पोर्टलवर तपासा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा.
३. आरसी काढून मालाच्या वजनाचा आकडा ठरवा आणि केबिनमध्ये लावा.
४. सहा रकान्यांची वही आखा आणि पहिली नोंद उद्या सकाळी करा.
५. पीयूसी, विमा आणि फिटनेसच्या तारखा त्याच वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

पाचही कामं मिळून दोन तासांची आहेत. पुढच्या धड्यात आपण मालवाहू गाडीचा विमा घेताना कोणत्या अटी वाचायच्या ते बघू. तेव्हा ही वही सोबत घेऊन बसा, ती लागणार आहे.